लांबीत पास, वजनात नापास: आरव्हीने मेसा व्हर्दे

आईच्या गुडघ्यांमुळे आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, ठरली आणि आरव्ही ठरल्यामुळे बाकीचं सगळं बदललं.

आई आणि अण्णा जुन्नरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे डेन्व्हरला आले होते. कोलोरॅडोत आले आहेत तर मेसा व्हर्दे दाखवायचंच, हे मी वर्षभर आधी ठरवलेलं. कड्याच्या पोटात बांधलेली आठशे वर्षांपूर्वीची घरं आहेत म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे लेणीच की." लेण्याद्री रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला काय सांगणार! आईची अट एकच होती. "रात्री उठून तंबूच्या बाहेर जायचं मला जमायचं नाही. संडास जवळ पाहिजे." मग नवऱ्याने चोवीस फुटी आरव्ही भाड्याने घेतली. संडास इतका जवळ की गॅससमोर उभं राहून त्याच्या दाराला हात लागतो.

तयारी

मुक्काम पार्कातच, मोअरफील्ड कॅम्पग्राउंडवर. तिथे 267 जागा आहेत, त्यामुळे जागा मिळणं अवघड नाही. पण वीज, पाणी आणि सांडपाणी असं तिन्ही जोडता येणाऱ्या म्हणजे फुल हुकअपच्या जागा फक्त 15. त्या केव्हाच गेल्या होत्या. आम्हाला साधी जागा मिळाली. याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता, तो दुसऱ्या रात्री चार वाजता कळला.

खरी धावपळ तिकिटांची. कड्यातल्या मोठ्या घरांमध्ये रेंजरबरोबरच जाता येतं आणि ती तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्हवर बरोबर 14 दिवस आधी, सकाळी आठला सुटतात. माणशी आठ डॉलर. एकेकाळी तत्काळची तिकिटं काढलेला हात कामी आला. आठ वाजायला पाच मिनिटं असताना मी आणि नवरा दोन लॅपटॉप घेऊन बसलो. मी क्लिफ पॅलेसची चार काढली. बाल्कनी हाउसला मात्र 32 फुटी शिडी आणि बारा फूट लांब, दीड फूट रुंद बोगद्यातून रांगत जाणं आहे असं वाचल्यावर तिथली दोनच काढली, नवरा आणि लेकीची. आईसाठी एकही नाही. क्लिफ पॅलेसला उंचसखल दगडी पायऱ्या उतरून पुढे आठ-दहा फुटी शिड्या चढायच्या असतात. तिने स्वतःच सांगितलं, "मी वरून बघीन."

तिच्यासाठी म्हणून मी वेदरिल मेसा या पठारावरचं स्टेप हाउस ठेवलं होतं. तिथे तिकीट लागत नाही, आपलं आपण सावकाश बघता येतं आणि एकाच कपारीत सातव्या आणि तेराव्या शतकातली घरं शेजारीशेजारी आहेत. त्या रस्त्यावर 25 फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही हे मी वाचलं होतं. आमची चोवीस. मी वहीत बरोबरची खूण केली.

पहिला दिवस: डेन्व्हर ते साउथ फोर्क

थेट गेलं तर गाडीने सात-आठ तासांचा रस्ता. आरव्हीने आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन तो एका दिवसात करू नये. 285 नंबरच्या रस्त्याने निघालो. केनोशा पासला, दहा हजार फुटांवर, अस्पेन नुकते पिवळे पडायला लागले होते.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, नारायणगाव आगारात. निम्मी नोकरी माळशेज घाटात गेली. नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर ते बसले आणि डेन्व्हर सुटायच्या आधीच त्यांनी आरशांचा कोन बदलून घेतला. आरव्ही वळवताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, हे नवऱ्याला भाड्याने देणाऱ्याने पाच मिनिटांत सांगितलं होतं, अण्णांनी पन्नास मैलांत शिकवलं. पेट्रोलचा हिशोबही त्यांनीच ठेवला. गॅलनला साडेआठ मैल निघाले तेव्हा ते म्हणाले, "एवढी पिणारी गाडी आगारात उभी केली असती."

पॉन्चा पास उतरल्यावर सॅन लुईस खोरं लागतं. सपाट, बटाट्याची शेतं, गोल फिरणारे पाण्याचे पाइप. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. साउथ फोर्कला अंधार पडता पोचलो. मुलाला ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा झोपायला मिळाला, त्याची सहल तिथेच वसूल झाली.

दुसरा दिवस: वुल्फ क्रीक पास आणि हळद

वुल्फ क्रीक पास 10,857 फुटांवर आहे. चढताना काही नाही, पलीकडची उतरण खरी. नवऱ्याने ब्रेकवर पाय ठेवला तसे अण्णा म्हणाले, "ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही." गिअर ऑटोमॅटिक आहे हे सांगून झालं. शेवटी टो-हॉलचं बटण दाबल्यावर इंजिनाने गाडी धरली आणि तो आवाज ऐकून अण्णांचा चेहरा सैल झाला. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला खडीचा चढ करून ठेवलेला असतो. तो त्यांनी मान वळवून वळवून पाहिला. अशा दोन-तीन जागा आपल्याकडे असत्या तर, एवढंच म्हणाले आणि पुढे बराच वेळ गप्प होते.

त्या शांततेत मागे धाडकन आवाज झाला. वरच्या कपाटाची खिट्टी मी नीट लावली नव्हती. मिसळणाचा डबा खाली आला आणि पाव किलो हळद आडव्या सीटवर, तिच्या राखाडी कापडात आणि आईच्या साडीवर. आई इतकंच म्हणाली, "मोहरी वाचली."

दुपारी दुरँगोला सामान भरलं. याच गावात 1891 साली गुस्ताफ नॉर्डेनशेल्ड या विशीतल्या स्वीडिश तरुणाला अटक झाली होती. मेसा व्हर्देतली घरं त्याने उकरली, काळजीपूर्वक नोंदी केल्या, फोटो काढले आणि सापडलेल्या वस्तू रेल्वेने पाठवायला इथे आणल्या. गावकरी खवळले. पण त्याला अडवणारा कायदाच नव्हता, त्यामुळे तो सुटला आणि वस्तूही गेल्या. त्या आज हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मृतांचे अवशेष आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या वस्तू मात्र फिनलंडने 2020 मध्ये परत केल्या आणि वंशजांनी त्या पुन्हा मातीत ठेवल्या. प्राचीन वस्तूंना संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत 1906 च्या जूनमध्ये झाला आणि त्याच महिन्यात, 29 तारखेला, मेसा व्हर्दे राष्ट्रीय उद्यान झालं. निसर्गासाठी नव्हे, माणसाच्या हातच्या कामासाठी राखलेलं हे अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान.

पार्काच्या दारातच व्हिजिटर सेंटर आहे. रेंजर बाईंना मी वेदरिल मेसाचा बेत सांगितला. त्यांनी काचेतून आमच्या गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, वजन किती? लांबीची अट 25 फूट, तशी वजनाचीही आहे, 8,000 पौंड. आमची गाडी त्याच्या कितीतरी पुढे. एका ओळीतली अर्धी अट वाचून मी बरोबरची खूण केली होती. आईसाठी म्हणून ठेवलेली एकमेव जागा गेली.

तुम्ही जाणार असाल तर आरव्हीच्या मागे छोटी गाडी ओढत न्या. ती मोअरफील्डला सोडवून घेऊन सगळीकडे फिरता येतं. ओढलेली गाडी किंवा ट्रेलर तसाच जोडून मोअरफील्डच्या पुढे मात्र नेता येत नाही. आमच्यासारखी एकच गाडी असेल, तर रोज सकाळी अख्खं घर आवरून निघायचं. कपाटांच्या खिट्ट्या, फ्रिजची कडी, संडासाचं दार, गॅसवरचं भांडं. हळदीनंतर हे खातं आईने स्वतःकडे घेतलं. ती एकेका खिट्टीला हात लावून मोठ्याने मोजायची. अकरा झाल्याशिवाय गाडी हलायची नाही.

रात्री थंडी कडाक्याची. हीटर लावला आणि झोपलो. हीटर प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. चार वाजता बॅटरी संपली. जनरेटर रात्री लावायचा नाही असा नियम. सकाळपर्यंत सहा माणसं चार रजयांत.

तिसरा दिवस: क्लिफ पॅलेस

मोअरफील्डहून क्लिफ पॅलेसला पाऊण तास लागतो, आरव्हीने जास्तच. रस्ता कड्याच्या अंगाने वळत जातो. आई डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती, अण्णा उघड्या डोळ्यांनी खूष.

गाडीतळापासून चार पावलांवर कठडा आहे. तिथून खाली पाहिलं आणि कोणीच काही बोललं नाही. आम्ही ज्या पठारावर उभे होतो, त्याच्याच पोटात एक लांबलचक कपार आणि तिच्यात गाव बसलेलं. चौकोनी बुरूज, गोल बुरूज, एकावर एक खोल्या. सुमारे 150 खोल्या आणि 23 किवा, म्हणजे जमिनीत खणलेल्या गोल खोल्या. नाव पॅलेस असलं तरी राजवाडा वगैरे काही नाही. राहणारी माणसं जेमतेम शंभर असावीत.

आई आणि मुलगा वर बाकावर थांबले, आम्ही चौघं रेंजरमागून उतरलो. अण्णा सत्तरीचे, पण शिडीवर माझ्या पुढे होते.

जवळून पाहिल्यावर डोळ्यांत भरतात त्या बारीक गोष्टी. चुन्यासारख्या मातीच्या दर्जांत दाबलेल्या बोटांचे ठसे. छतावर धुराची काजळी. इंग्रजी टी अक्षरासारखी दारं, वर रुंद आणि खाली अरुंद. अगदी वर, कपारीच्या छताला लागून एका अरुंद कंगोऱ्यावर खोल्यांची रांग. ती धान्याची कोठारं. मका उंदरांपासून वाचवायचा तर कणगी अशा जागी ठेवायची, जिथे पोचताना माणसालाही घाम फुटेल.

अण्णा रमले ते किवापाशी. या गोल खोलीचं छप्पर म्हणजे वरचं अंगण आणि आत उतरायला छपराच्या भोकातून शिडी. तळाशी मधोमध चूल, भिंतीत खालून वर गेलेला हवेचा बोगदा आणि त्या दोघांच्या मध्ये उभा एक दगड. रेंजरने सांगायच्या आधीच अण्णांनी लेकीला समजावलं. "विस्तवाची गरम हवा वरच्या भोकातून जाणार. मग गार हवा या बोगद्यातून ओढली जाणार. दगड कशाला? झोत थेट विस्तवावर नको म्हणून." रेंजरने पुढे तेच सांगितलं तेव्हा लेक आजोबांकडे बघत राहिली. चुलीपलीकडे जमिनीत एक लहानसं भोक असतं, सिपापू. प्वेब्लो लोक म्हणजे ही घरं बांधणाऱ्यांचे वंशज. त्यांचे पूर्वज खालच्या जगातून या जगात आले, त्या वाटेची ती खूण. किवा आजही त्यांच्या गावांत वापरात आहेत. म्हणून इथे आवाज खाली ठेवायचा, भिंतीला टेकायचं नाही.

1888 च्या डिसेंबरमध्ये हरवलेली गुरं शोधताना रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन यांना पलीकडच्या काठावरून हे गाव दिसलं. पुस्तकात त्याला शोध म्हणतात. इथल्या यूट लोकांना ही घरं आधीपासून माहीत होती आणि ती मृतांची जागा म्हणून ते लांब राहत. वाघाच्या मागावर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 मध्ये अजिंठा 'शोधला', तसाच हा शोध.

वर आलो तर आई म्हणाली, "सगळं बघितलं मी. तुम्ही मुंग्यांएवढे दिसत होता." मग तिचा पहिला प्रश्न, "पाणी कुठून आणत होते?"

हा प्रश्न आमच्या गटातल्या वीसेक माणसांतून कोणी विचारला नव्हता. लेण्याद्रीला लेण्यांबरोबर पाण्याची टाकी खोदलेली आहेत, ती ऐन उन्हाळ्यातही भरलेली असतात. लहानपणापासून ते पाहिलेल्या बाईला पाणीच आधी सुचणार. इथे उत्तर खडकात आहे. वरचा वाळूचा खडक पावसाचं, बर्फाचं पाणी पिऊन घेतो. खाली मातकट शेलचा थर लागला की ते अडतं आणि आडवं झिरपत कड्याच्या पोटातून बाहेर येतं. तेच पाणी गोठून, फुगून खडकाचे पापुद्रे पाडतं आणि कपार तयार होते. म्हणजे जिथे घराला जागा, तिथेच अनेकदा पाझर. जुन्नरला माणसांनी काळा कातळ छिन्नीने कोरला, इथे कपार पाण्याने करून दिली आणि माणसांनी आत भिंती उभ्या केल्या. त्यामुळे अण्णांचं 'लेणीच की' बरोबर नव्हतं. त्यांनी ते मान्य केलं नाही.

दुपारी मेसा टॉप लूपने गेलो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी या पार्कातली सर्वांत चांगली गोष्ट हीच, आणि माहितीपत्रकात ती शिड्यांच्या फोटोंखाली हरवून जाते. सहा मैलांचा रस्ता, ठिकठिकाणी थांबे, चालणं थोडं, डांबरी वाटेवर. इसवी सन 600 च्या आसपासची अर्धी जमिनीत खणलेली घरं इथे आहेत, मग पठारावरची दगडी घरं, मग कड्यातली. माणसं जवळजवळ सहाशे वर्षं वर पठारावरच राहत होती. कड्यात उतरली ती 1190 च्या दशकानंतर, आणि 1300 पर्यंत सगळं सोडून गेलीसुद्धा. ज्या घरांसाठी जग इथे येतं त्यांत ती तीन-चार पिढ्याच राहिली.

शेवटचा थांबा सन टेंपल. तिथून दरीपलीकडे क्लिफ पॅलेस समोरासमोर दिसतो, कलत्या उन्हात सोनेरी. आम्ही आत जाऊन जे पाहिलं नाही ते आईने इथून पाहिलं, सगळं गाव एका नजरेत. ती अर्धा तास उठली नाही.

चौथा दिवस: पाटा आणि ताली

नवरा आणि लेक बाल्कनी हाउसला गेले. बोगद्यातून नवऱ्याचं पोट निघालं की नाही याची वेगवेगळी वर्णनं दोघांकडून मिळाली, म्हणून मी ती देत नाही.

आम्ही आधी स्प्रूस ट्री हाउस वरून पाहिलं. सुमारे 130 खोल्यांचं हे घर पूर्वी विनातिकीट आत जाऊन बघता यायचं. कपारीचे दगड निखळायला लागल्यामुळे 2015 पासून आतलं जाणं बंद आहे. दुपारी मग फार व्ह्यूला गेलो. पठारावरची ही वस्ती, अर्ध्या चौरस मैलात जवळजवळ पन्नास छोटी गावं. इथे शिड्या नाहीत, गर्दीही नाही. मका, घेवडा, भोपळा ही पिकं, सगळी पावसाच्या पाण्यावर. ओढ्यांच्या घळींत दगडांचे आडवे बांध घालून माती आणि पाणी अडवलेलं. ते चित्र पाहून अण्णा म्हणाले, "ह्या ताली आहेत." आमच्या डोंगरउतारावरच्या शेतात आजोबांनी घातलेल्या ताली अजून आहेत. मग पडलेल्या बांधाची डागडुजी कोणी करायची यावरून भाऊबंदांत झालेलं चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण निघालं. इथेही झालीच असतील, असं त्यांचं मत.

आईला मात्र दगड सापडला. मधोमध खोलगट झालेला, वर हातात धरायचा दुसरा दगड. इंग्रजीत मेटाटे आणि मानो म्हणतात. आई खाली वाकली, हात लावला नाही, नुसती बघत राहिली. त्या दिवशी सकाळीच तिची चटणी राहिली होती, कारण वीज नसल्याने मिक्सर चालत नव्हता. "याला टाकी लावलीय," ती म्हणाली. दगड वापरून गुळगुळीत झाला की दळत नाही, मग टोकदार दगडाने ठोकून तो पुन्हा खरखरीत करतात. आमच्याकडे पाट्याला, जात्याला टाकी लावायला बाया दारोदार यायच्या. इथल्या पिठात त्या दगडाची कच जायची आणि माणसांचे दात झिजून जायचे, असं मी पाटीवरचं वाचून सांगितलं. आई म्हणाली, "टाकी लावल्यावर पहिलं दळण गुरांना घालायचं. एवढं कसं कळलं नाही?"

संध्याकाळी पार्क पॉइंटला, 8,572 फुटांवर. पश्चिमेला स्लीपिंग यूट डोंगर, छातीवर हात बांधून उताणा झोपलेला माणूस. दक्षिणेला दूर न्यू मेक्सिकोतला शिपरॉक. इथली माणसं घरं सोडून गेली ती साधारण त्याच दिशेला. 1276 पासून पुढे तेवीस वर्षं मोठा दुष्काळ होता, हे छपरांच्या तुळयांतल्या आणि जुन्या झाडांच्या वाढीच्या कड्या मोजून कळलं आहे. पण दुष्काळ त्यांनी आधीही काढले होते. सरपण संपलेलं, जमिनीचा कस गेलेला, आपापसांत ताण, असं सगळं एकत्र आलं असावं. गायब झाले, गूढ, वगैरे जे लिहिलं जातं त्याचा मला आता कंटाळा येतो. रेंजरने सरळ सांगितलं होतं, होपी, झुनी, अकोमा आणि रिओ ग्रांदेकाठची प्वेब्लो गावं ही त्यांचीच लेकरं. गावं नांदती आहेत आणि तिथली माणसं इथे पूर्वजांना भेटायला येतात.

"एवढी भांडी, दगड टाकून गेले?" मुलाने विचारलं.

"पाटा कोण उचलून नेतं रे?" आई म्हणाली. जुन्नरचा वाडा सोडून ते दोघं बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा तिचा पाटा मागच्या पडवीतच राहिला. पुढच्या वर्षी पडवीचं छप्पर त्याच्यावर पडलं.

रात्री आकाश इतकं दाट होतं की मुलाला नेहमीची सप्तर्षी सापडेना. हीटर आम्ही झोपायच्या आधीच बंद केला.

पाचवा दिवस

सकाळी डंप स्टेशन, म्हणजे गाडीतलं सांडपाणी सोडायची जागा. आधी काळी, म्हणजे संडासाची टाकी, मग राखाडी, म्हणजे धुण्याच्या पाण्याची. त्यामुळे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. हा क्रम चुकवू नका. एवढंच सांगते.

आईने खिट्ट्या मोजल्या. अकरा. येताना वुल्फ क्रीक पास नवऱ्याने न सांगता खालच्या गिअरमध्ये उतरवला आणि अण्णा झोपले.

गाडी परत देताना तिथल्या मुलाने सीटवरचा पिवळा डाग बोटाने घासून पाहिला. मग बोट बघितलं, तेही पिवळं. साफसफाईचे पैसे अनामत रकमेतून कापले, ते रास्तच होतं. आई पाठीमागून मला म्हणत होती, "त्याला सांग, उन्हात ठेवलं की आपोआप जातो."